शुक्रवारची सुई आणि शनिवारचा ताप

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आजारासाठी मी दर शुक्रवारी इंटरफेरॉन बीटा-१अ ची ३० मायक्रोग्रॅमची सुई मांडीत घेते. सुरुवातीला सकाळी घ्यायचे. चार-पाच तासांत हुडहुडी भरायची. मे महिन्यात आमचा अख्खा दांडिया बाजार परिसर उकाड्याने हैराण आणि मी दोन गोधड्यांखाली, दात वाजतायत, सांधे ठणकतायत. सासूबाई पायाशी बसून तळवे चोळायच्या. त्या दिवसांत सुई सोडून द्यावी असं फार वाटायचं.

चूक एवढीच होत होती की ताप चढल्यावर मी गोळी घ्यायचे. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली: सुई रात्री, आणि तिच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल ६५०. गरज वाटली तर सहा तासांनी आणखी एक. हुडहुडीचा बराचसा वेळ आता झोपेतच जातो. सुई फ्रिजमधून आधीच काढून ठेवते, गार औषध जास्त झोंबतं.

आयबुप्रोफेनही चालतं, पण ते मी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतरच घेते. एकदा रिकाम्या पोटी घेतलं आणि रात्रभर जळजळ. सर्दीच्या गोळ्यांतही बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका, जास्त झालं तर यकृताला त्रास होतो. इंटरफेरॉनचाही यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी मी चुकवत नाही.

शनिवारी अंग जरा जड असतं, तरी चहा मीच टाकते. रविवारीही ताप राहिला, तर गोळ्या वाढवत नाही, सरळ डॉक्टरांना फोन करते.