अर्थ मंत्रालयाची संसदेतील उत्तरे कशी शोधावीत, कशी वाचावीत आणि पुढचा प्रश्न कसा मांडावा

केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे करांविषयी जी आकडेवारी असते, तिचा बराच मोठा भाग खासदारांच्या प्रश्नांना दिलेल्या लेखी उत्तरांतून बाहेर येतो. वर्तमानपत्रांत त्यातला एखादाच आकडा झळकतो आणि तोही बहुधा संदर्भ सोडून. मूळ उत्तर मिळवणे अवघड नाही. मात्र ते वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते की, मंत्रालय जेवढे विचारले तेवढ्याचेच उत्तर देते आणि प्रश्नातल्या शब्दांचा अर्थ आपल्या दप्तरातल्या व्याख्येप्रमाणे लावते. म्हणून उत्तराआधी प्रश्न शब्दशः वाचावा. हा सर्वांत सोपा नियम आहे आणि सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच होते.

उत्तर कोठे सापडते

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते व ते सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि साधारणपणे २३० अतारांकित प्रश्न असतात, तर राज्यसभेत ही संख्या १५ आणि १६० अशी आहे. तोंडी उत्तरांचा तास रंगतदार असला तरी आकडे हवे असणाऱ्याने अतारांकित उत्तरांकडेच वळावे, कारण राज्यवार आणि वर्षवार तक्ते मुख्यतः त्यांच्या परिशिष्टांत असतात.

मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. सध्याच्या पद्धतीनुसार अर्थ मंत्रालयाची उत्तरे लोकसभेत सोमवारी आणि राज्यसभेत मंगळवारी येतात. संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर सभागृह निवडून प्रश्नांच्या विभागात मंत्रालय, अधिवेशन आणि विषय यांप्रमाणे शोध घेता येतो आणि हिंदी व इंग्रजी प्रत उतरवून घेता येते. पत्र सूचना कार्यालयाची मराठी प्रसिद्धिपत्रके वाचायला सुलभ असतात. परंतु त्यांत उत्तराचा सारांश असतो आणि परिशिष्ट बहुधा गळालेले असते, त्यामुळे आकडा उद्धृत करायचा असल्यास मूळ प्रतच पाहावी.

शोध फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चुकीचे मंत्रालय. करसंकलन, परतावे, थकबाकी, करचुकवेगिरी हे विषय अर्थ मंत्रालयातील महसूल विभागाचे आहेत. सकल देशांतर्गत उत्पन्न, ग्राहक किंमत निर्देशांक आणि नमुना पाहण्या यांची जबाबदारी मात्र सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी या वेगळ्या मंत्रालयाकडे आहे. महागाईवरच्या धोरणाचा प्रश्न अर्थ मंत्रालयाकडे जाईल, पण निर्देशांक कोणत्या पद्धतीने काढला हा प्रश्न तेथे टिकणार नाही.

आकडा वाचताना

एक उदाहरण जवळून पाहू. २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार २०२२-२३ या आर्थिक वर्षात ७.४० कोटी व्यक्तींनी प्राप्तिकर विवरणपत्रे भरली आणि त्यांपैकी सुमारे ५.१६ कोटी विवरणपत्रांत करदायित्व शून्य होते. वजाबाकी करून ‘देशात जेमतेम सव्वादोन कोटी लोक प्राप्तिकर भरतात’ असे वाक्य लगेच तयार होते, आणि ते तसे फिरलेही. या वाक्यात दोन गोष्टी निसटतात. विवरणपत्र न भरणाऱ्या ज्यांचा कर उगमस्थानीच कापला जातो, ते या मोजणीत येत नाहीत. शिवाय ज्यांचे दायित्व शून्य दिसते त्यांच्यातील बरेच जण करमाफीच्या मर्यादेच्या वर, पण पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरील तेव्हाच्या सवलतीच्या आत होते. म्हणजे हे शून्य बऱ्याच अंशी संसदेनेच मंजूर केलेल्या सवलतीतून आलेले आहे. वर्षाचाही घोळ होतो: २०२२-२३ मध्ये भरलेली विवरणपत्रे मुख्यतः २०२१-२२ च्या उत्पन्नाची असतात. तक्त्याच्या शीर्षकात आर्थिक वर्ष आहे की निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे, त्यावरील कर ठरवण्याचे वर्ष), हे पाहिल्याशिवाय दोन उत्तरांची तुलना करूच नये.

राज्यवार तक्त्यांबाबत महाराष्ट्रातील वाचकाने विशेष सावध राहावे. प्रत्यक्ष करांच्या संकलनात महाराष्ट्र पहिला असतो हे खरे. परंतु अनेक कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये मुंबईत असल्यामुळे देशभर कमावलेल्या नफ्यावरचा करही येथेच जमा झालेला दिसतो. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. हा कर उपभोगाच्या ठिकाणाला मिळावा अशी रचना असल्याने आंतरराज्य व्यवहारांवरील एकात्मिक कराची राज्यांमध्ये वाटणी होते, आणि म्हणून वाटणीपूर्वीचा आकडा व वाटणीनंतरचा आकडा यांत मोठी तफावत पडते. आयात मालावरील कर तर मासिक राज्यवार संकलनाच्या तक्त्यात धरलेलाच नसतो. त्यात ढोबळ संकलन आणि परतावे वजा जाता उरलेले निव्वळ संकलन हा फरक आहेच. वस्तू व सेवा कराचा २०२४-२५ मधील सुमारे २२.०८ लाख कोटी रुपयांचा बहुचर्चित आकडा ढोबळ संकलनाचा आहे.

अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम यांचाही असाच विवेक ठेवावा. तक्त्याखाली बारीक अक्षरांत ‘तात्पुरते’ असे लिहिलेले असल्यास तो आकडा पुढे बदलणार, हे गृहीत धरावे.

प्रश्न मांडताना

नागरिकाला संसदेत थेट प्रश्न विचारता येत नाही. आपल्या खासदाराकडे तयार मसुदा देणे हाच मार्ग आहे. त्यासाठी वेळेचे भान हवे, कारण लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न सामान्यतः १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात युक्तिवाद किंवा अभिप्रायाची मागणी चालत नाही आणि सहज उपलब्ध दस्तऐवजांतील माहितीही विचारता येत नाही. शेवटच्या अटीमुळे चांगले प्रश्न बाद झाल्याचे दिसते, म्हणून मसुदा देण्याआधी अर्थसंकल्पाची कागदपत्रे व जुनी उत्तरे चाळणे अपरिहार्य आहे.

‘महाराष्ट्राकडून केंद्राला किती कर जातो आणि त्यातला किती परत येतो?’ हा प्रश्न भाषणात शोभतो. मंत्रालय मात्र त्याला वित्त आयोगाच्या शिफारशींचा एक परिच्छेद देऊन मोकळे होते. पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य निधीतील (केंद्राच्या करांपैकी राज्यांशी वाटून घ्यायच्या रकमेतील) राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला आणि त्यात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के, तर गोव्याला ०.३८६ टक्के हिस्सा दिला, हे सर्वज्ञात आहे. खरी मेख अशी की, उपकर (ठरावीक कामासाठी लावलेला जादा कर) आणि अधिभार (करावर आकारलेला वाढीव कर) या विभाज्य निधीत येतच नाहीत. त्यामुळे मसुदा असा असावा:

वित्तमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(अ) २०१९-२० ते २०२३-२४ या प्रत्येक आर्थिक वर्षात केंद्राच्या ढोबळ कर महसुलापैकी उपकरांची व अधिभारांची स्वतंत्र रक्कम, वस्तू व सेवा कर भरपाई उपकर धरून आणि वगळून, किती होती;
(ब) त्याच वर्षांत निव्वळ विभाज्य निधी किती होता आणि त्यातून महाराष्ट्र व गोवा यांना प्रत्यक्ष किती रक्कम देण्यात आली;
(क) हे आकडे अंतिम लेख्यांवरून घेतले आहेत की सुधारित अंदाजांवरून;
(ड) कोणत्या उपकरांची रक्कम संबंधित राखीव निधीत पूर्णपणे वर्ग झालेली नाही, व त्याची कारणे काय आहेत?

येथे भाग (क) फार मोलाचा आहे. तो नसेल तर कोणता आकडा द्यायचा ही निवड उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे राहते. ‘असल्यास, त्याचा तपशील काय’ हा विधिमंडळातून परिचित झालेला साचा शक्यतो टाळावा, कारण पहिल्या भागाला ‘नाही’ असे उत्तर आले की पुढच्या सर्व भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच लिहून येते.

उत्तर टळल्यास

टाळण्याच्या काही तऱ्हा कायदेशीर असतात. विशिष्ट करदात्याची माहिती प्राप्तिकर कायद्यातील गोपनीयतेच्या तरतुदीखाली, तर कर्जदारांची नावे रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४५ई खाली नाकारली जातात. अशा वेळी नावांऐवजी उत्पन्नगट, क्षेत्र किंवा रकमेच्या टप्प्यानुसार माहिती मागावी. ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ असे उत्तर आल्यास ती कोणत्या पातळीवर ठेवली जाते, हा पुढील अधिवेशनाचा प्रश्न झाला. ‘माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य मात्र वेगळे. ते आश्वासन मानले जाते, तीन महिन्यांत पूर्ण होणे अपेक्षित असते आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. म्हणून त्याची तारीख व प्रश्न क्रमांक टिपून ठेवावा.

चिकाटीने काय साधते याचा जुना दाखला मुंदडा प्रकरणाचा आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न आले, खासदार फिरोज गांधींनी ते लावून धरले, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्यीय आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

प्रश्नोत्तरांतून पदरी काही पडत नसेल तर वित्तविषयक संसदीय स्थायी समितीचे अहवाल पाहावेत. २१ लोकसभा आणि १० राज्यसभा सदस्यांच्या या समितीच्या कक्षेत अर्थ आणि सांख्यिकी ही दोन्ही मंत्रालये येतात, त्यामुळे करांचे अंदाज आणि त्यामागची आकडेवारी यांची झडती तेथे एकत्र घेता येते. तिच्या अनुदान मागण्यांवरील अहवालानंतर काही महिन्यांनी कृती-अहवाल, म्हणजे समितीच्या शिफारशींवर सरकारने काय केले याचा अहवाल, येतो. त्यात समितीने न स्वीकारलेल्या सरकारी उत्तरांचे स्वतंत्र प्रकरण असते, आणि वाचनाला सुरुवात तेथूनच करावी.