लांबच्या विमानप्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

तिकिटावर निघण्याची वेळ दिसते, पोहोचण्याची दिसते. लोक वजाबाकी करतात आणि मोकळे होतात. दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या असतात, हे कितीदा सांगितलं तरी घाईत कुणी ध्यानात घेत नाही.

माझ्या मावसभावाने ऐन थंडीत लॉस एंजेलिस ते टोकियो तिकीट काढलं. दुपारी १२ ला निघून संध्याकाळी ५ ला पोहोचायचं. "पाच तासांचा तर प्रवास," म्हणून त्याने टोकियोहून पुढचं तिकीट त्याच तारखेच्या रात्री ९ चं, तेही वेगळं काढलं. वेळेशेजारचा बारीक +१ त्याने पाहिलाच नाही. ते पाच वाजणार होते दुसऱ्या दिवशी. तो लॉस एंजेलिसला निघाला तेव्हाच पुढचं विमान सुटून आठ तास झाले होते! तिकिटं वेगळी, त्यामुळे भरपाई नाही. नवं तिकीट काउंटरवर, मिळेल त्या भावात. मला फार वाईट वाटलं, कारण दोन मिनिटं थांबून पाहिलं असतं तर हे टळलं असतं.

मी आजही कागद घेते आणि दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभरासाठी एकच असलेल्या प्रमाण वेळेत, लिहिते. लॉस एंजेलिस हिवाळ्यात आठ तास मागे, म्हणजे १२ चे २० झाले. टोकियो नऊ तास पुढे, म्हणजे १७ चे दुसऱ्या दिवशीचे ८. मधले १२ तास हा खरा प्रवास. अॅप हे झटकन सांगतं, पण हाताने एकदा केल्याशिवाय तारीखरेषा, म्हणजे जी ओलांडली की तारीख बदलते ती रेषा, डोक्यात बसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक म्हणजे अंतर भागिले ९००, म्हणजे विमानाचा ताशी किलोमीटरमधला वेग. लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किमी, म्हणजे सहा तास आणि वर थोडी मिनिटं, असा हिशेब मांडतात. वेळापत्रकात मात्र न्यूयॉर्कला जाताना साधारण आठ तास असतात, लंडनला येताना सात. उंचावरचा जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. शिवाय वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे सरकणं, चढणं, उतरणं सगळं त्यात आलं. म्हणून एका बाजूचा वेळ पाहून परतीचा ठरवू नका.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे, जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते.

मैल आणि सागरी मैल वेगळे. पहिला १.६०९ किमी, दुसरा १.८५२.

मार्चमध्ये अमेरिका घड्याळ युरोपच्या आधी पुढे करते. त्या दोन-तीन आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो, तेव्हा जुना हिशेब पुन्हा वापरू नका. प्रवासाच्या तारखेचाच फरक तपासा.