आधी कागद, मग विषय

सीमेपलीकडच्या पोलीस सहकार्यावर संशोधन करायचंय, असं म्हणणारी मुलं दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या वहीत शीर्षक तयार असतं: ‘भारत आणि युरोपीय संघातील पोलीस सहकार्य : एक तौलनिक अभ्यास’. शीर्षक भारदस्त, गाइड खूश. माझा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: यासाठी लागणारे कागद कुणाच्या कपाटात आहेत, आणि ते तुम्हाला कोण दाखवणार?

मी ठाण्याची, पीएचडी कायद्यातली. धाकटा भाऊ कणभौतिकीत. कळव्याच्या एकाच घरात ही दोन टोकं नांदतात, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला इंटरपोल (देशोदेशींच्या पोलिसांची संघटना) आणि म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) दोघंही पानावर असतात. त्याचं क्षेत्र अवघड आणि माझं सोपं, असा नातेवाइकांचा समज आहे. गणिताचं सोडा, पण माहिती मिळवण्याच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे.

वरच्या शीर्षकाचंच घ्या. युरोपची बाजू घरबसल्या लिहिता येते. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था द हेगला आहे, त्याचे अहवाल फुकट मिळतात. युरोपीय अटक वॉरंट 2004 पासून चालू आहे, त्यावरचे निवाडे खुले आहेत. युरोपातल्या देशांमधली सीमा-तपासणी उठवणाऱ्या शेंगेन करारात तर पळणाऱ्या गुन्हेगारामागे शेजारच्या देशात शिरायची पोलिसांना अटींसह मुभा आहे, त्यावरही ढीगभर लिहिलं गेलंय. आता भारताची बाजू. इंटरपोलचं भारतातलं केंद्र म्हणजे सीबीआय, आणि 2011 पासून सीबीआयला माहिती अधिकार कायद्यातून वगळलंय. अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. परिणाम काय, तर प्रबंधात युरोपची दोनशे पानं आणि भारताची जेमतेम वीस. असे प्रबंध मी वाचलेत. तुलना त्यांत नावापुरतीच असते.

त्यापेक्षा आपल्या दाराशी घडलेलं एखादं प्रकरण धरा. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली पोरं अमेरिकी उच्चारांत फोन करायची: मी तुमच्या कर खात्यातून बोलतोय, कर थकलाय, आत्ता भरा नाहीतर अटक. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय विभागानं अशाच धर्तीच्या फसवणुकीबद्दल आपलं आरोपपत्र जाहीर केलं, त्यात 56 माणसं आणि अहमदाबादची 5 कॉल सेंटरं होती. जुलै 2018 मध्ये तिथे 21 जणांना शिक्षा झाल्या, सर्वांत मोठी 20 वर्षांची.

संशोधकाला यात काय दिसायला हवं? फोन इथून, फसलेली आजीबाई टेक्सासात, पैसे तिथल्याच हस्तकांनी फिरवलेले. इथल्या खटल्यात साक्षीदार कोण? ती आजीबाई ठाण्याच्या कोर्टात येणार कशी? तिथल्या बँकेचा उतारा इथे पुरावा म्हणून चालवायचा तर तो कुठल्या मार्गानं यायला हवा? यातल्या एकेका प्रश्नावर स्वतंत्र प्रबंध होईल. ‘सहकार्य’ हा गुळगुळीत शब्द इथे पहिल्यांदा खरखरीत होतो.

मार्ग दोन, आणि नवशिके त्यांची हमखास गल्लत करतात. एक पोलिसांकडून पोलिसांकडे: इंटरपोलमार्फत माहिती मागायची. ती तपासाला दिशा देते, पण कोर्टात पुरावा म्हणून उभी करायला सहसा पुरत नाही. दुसरा न्यायालयीन: विनंतीपत्र, ज्याला तपास अधिकारी अजून ‘एलआर’च (लेटर रोगेटरी) म्हणतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 166-अ खाली जायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 खाली जातं. तपास अधिकारी मसुदा करतो, केंद्रीय गृहखात्याची संमती घेतो, कोर्टाकडून पत्र काढतो, मग ते परदेशात रवाना होतं आणि तिथल्या यंत्रणेतून तितक्याच पायऱ्या उतरत खालच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचतं. अमेरिकेबरोबर आपला परस्पर साहाय्याचा करार 2005 पासून अमलात आहे, पण करार असला म्हणून पायऱ्या गायब होत नाहीत. मसुद्यातला एखादा गुन्हा तिकडच्या कायद्यात नीट बसवून दाखवला नाही, तर शंका विचारत कागद परत येतो. इथे बारकाईनं बघितलंत तर सोनं आहे.

रेड नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट, असं वर्तमानपत्रं लिहितात. ते चूक आहे. ती माणूस शोधून तात्पुरता ताब्यात घ्या, अशी इंटरपोलमार्फत सदस्य देशांना केलेली विनंती असते. तिला किती वजन द्यायचं ते ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. इंटरपोलच्या घटनेचं कलम 3 राजकीय, लष्करी, धार्मिक आणि वांशिक स्वरूपाच्या कामांना मनाई करतं, त्याच मुद्द्यावर नोटिसा अडतात किंवा रद्द होतात. व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, हे विचारतातच.

आता कागदांचं. अमेरिकी बाजूची आरोपपत्रं आणि शिक्षेची निवेदनं न्याय विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्याकडे एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाका, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये सांगितलं, संवेदनशील गुन्हे वगळून. आरोपपत्र मात्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं त्याच न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये ठरवलं. मग करायचं काय? जामिनाचे आदेश वाचायचे. उच्च न्यायालयाच्या आदेशात सरकारी पक्षाचं अख्खं म्हणणं दोन परिच्छेदांत येतं, आणि परदेशातून पुरावा यायचाय, म्हणून तपास बाकी आहे, हे सरकारी वकील तिथेच सांगतात. लोकसभा-राज्यसभेतली प्रश्नोत्तरं चाळा. प्रत्यार्पणाचे आकडे तिथे सापडतात. जानेवारी 2025 मध्ये ‘भारतपोल’ पोर्टल सुरू झालं. त्याआधी जिल्ह्यातून सीबीआयकडे विनंती जायची ती पत्रानं, ईमेलनं, चक्क फॅक्सनं. आता ती पोर्टलवरून जाते. या बदलानं आयुक्तालयाच्या पातळीवर नेमकं काय हललं, हा ताजा आणि हाताशी असलेला विषय आहे. ठाणे आणि नवी मुंबई अशी दोन आयुक्तालयं तुमच्या लोकलच्या पासात येतात.

भावाकडे बघून मला हेवा वाटतो तो इथेच. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगानं 2014 पासून आपला डेटा टप्प्याटप्प्यानं सगळ्या जगाला खुला केलाय. भावाची बीएस्सी चालू होती तेव्हा एका जुन्या लॅपटॉपवर त्यानं तो उतरवला. फाइलीत एकेका ओळीत दोन म्युऑनांची ऊर्जा आणि संवेग. त्यांवरून जोडीचं वस्तुमान काढायचं आणि आलेख मांडायचा. 3.1 जीईव्हीपाशी (जीईव्ही हे इथे वस्तुमानाचं एकक) एक सुळका वर आला, साडेनऊच्या आसपास गर्दी, आणि 91 ला झेड बोसॉन; असा एकेक उंचवटा म्हणजे म्युऑनांच्या जोडीत फुटलेल्या कणांची खूण. 27 किलोमीटरच्या बोगद्यात झालेल्या टकरी कळव्यात भारनियमन नसेल तेव्हा बघता येतात! कणभौतिकीत यायचं असेल तर कुठलाही कोर्स लावण्याआधी हे करा. पायथॉन जुजबी आलं तरी चालतं. आलेख काढताना कंटाळा आला तर हे क्षेत्र आपलं नव्हे, हेही स्वस्तात कळतं.

पण कणभौतिकीवाल्यांचा उंबरठा वेगळ्या ठिकाणी आहे. डेटा खुला, शोधनिबंधावर नाव मात्र सहजी लागत नाही. प्रयोगासाठी ठरावीक सेवा दिल्यावरच लेखकांच्या यादीत प्रवेश. हिग्ज या कणाच्या वस्तुमानावरचा 2015 चा शोधनिबंध 33 पानांचा होता, त्यातली 24 पानं लेखकांच्या आणि संस्थांच्या नावांची, लेखक 5154. लग्नपत्रिकेतली आप्तेष्टांची यादीसुद्धा इतकी वाढत नाही. त्यामुळे ‘यात तुमचं काम कुठलं?’ हा प्रश्न मुलाखतीत येतो आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे.

आपल्याकडून दारं जवळ आहेत. वाशीच्या पुढचं स्टेशन मानखुर्द, तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. पदवीच्या मुलांसाठी त्यांचा निअस हा उपक्रम आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरनं (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या, उभारणीत हात घातला होता. उन्हाळ्यात तिथे व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन उपक्रम असतो, पीएचडीसाठी त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा, शिवाय अनेक संस्थांची सामाईक परीक्षा जेस्ट. सर्नचा भारत 2017 पासून सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तिथल्या काही संधी आपल्या मुलांनाही खुल्या झाल्या.

परत माझ्याकडे. पोलिसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाच्या लेटरहेडवर गाइडची सही, प्रश्नांची यादी जोडून, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. सेवेतले अधिकारी कायदा सांगतात, निवृत्त अधिकारी घडलेलं सांगतात. दुसऱ्यांना आधी भेटा. ‘प्रक्रिया काय असते?’ हे विचारू नका, ते पुस्तकात आहे. ‘शेवटचं विनंतीपत्र पाठवलंत त्याचं काय झालं?’ असं विचारा. आणि अर्ज गणपती-नवरात्राच्या बंदोबस्तात टाकू नका, कुणी जागेवर सापडत नाही. दिवाळीनंतर टाका.