ऑस्ट्रियाची रेस बघताना ट्रॅक लिमिट्स कसं ओळखायचं

जून संपता संपता ऑस्ट्रियाची एफवन रेस येते, आपल्याकडं संध्याकाळी साडेसहाला सुरू, बाहेर बेळगावचा पाऊस, घरात बसून बघायला ह्याच्यापेक्षा चांगली वेळ नाही. खरं दरवर्षी ट्रॅक लिमिट्सवरनं, म्हणजे गाडी ट्रॅकच्या हद्दीबाहेर गेली की नाही ह्यावरनं, "ह्यालाच का पेनल्टी, त्याला का नाही" म्हणून आमच्या गल्लीत भांडणं होतात, म्हणून एकदा बैजवार लिहून टाकतोय.

पहिल्यांदा डोक्यातनं तो वळणाच्या कडेचा लाल-पांढरा कठडा, म्हणजे कर्ब, काढा. कर्ब ट्रॅकमध्ये धरत नाहीत. ट्रॅक संपतो पांढऱ्या पट्टीला, आणि पट्टी आत मोजतात. चारी चाकं पट्टीपलीकडं गेली तरच गाडी बाहेर, एका टायरची कड जरी पट्टीला टेकली असेल तर आत. क्रिकेटमध्ये बॅट क्रीजच्या रेघेवर राहिली की रन आउट, त्यामुळं आपल्या डोळ्याला उलटी सवय लागलेली असते.

हे तोंडानं सांगून पोरांना पटेना, मग मी कट्ट्यावर खडूनं बोटभर रुंद पट्टी मारली आणि भाच्याची खेळण्यातली गाडी तिरकी लावली, तीन चाकं बाहेर, मागच्या एका चाकाची नुसती कड पट्टीवर. वरनं बघितलं तर आत. मोबाईल खाली जमिनीला टेकवून बाजूनं फोटो काढला तर तीच गाडी सरळ बाहेर दिसायली. टीव्हीवर पण असंच होतंय, म्हणून बाजूच्या कॅमेऱ्यावर भांडायचं नाही, वरचा किंवा गाडीवरचा रिप्ले यायची वाट बघायची.

आता नजर कुठं ठेवायची? ऑस्ट्रियाचा ट्रॅक म्हणजे रेड बुल रिंग, तिथं एकूण 10 टर्न, म्हणजे वळणं, त्यातले शेवटचे दोन, 9 आणि 10, सगळ्यात जास्त त्रासाचे. दोन्ही उजवी वळणं, वेगात गाडी डावीकडं फेकली जाते, म्हणून बघायची ती उजव्या बाजूची चाकं, डावी तर कर्बवर असणारच की.

क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रेसला कोण कितव्या नंबरवरनं सुटणार ते ठरवायच्या फेरीत, हिशोब सोपा आहे, बाहेर गेला की त्या लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या त्या चकराचा, टाइम डिलीट. 2023 ला ड्रायव्हर पेरेझचे क्यू-टू मध्ये, म्हणजे क्वालिफायिंगच्या दुसऱ्या टप्प्यात, लॅप असेच उडाले आणि तो तिथंच बाहेर पडला. 2024 ला टर्न 6 ला बाहेर गेला म्हणून पियास्ट्रीचा लॅप कापला, तिसऱ्या नंबरवरनं सातव्यावर गेला, त्याच्या मॅक्लारेन टीमनं प्रोटेस्ट केली तरी काही उपयोग झाला नाही.

रेसमध्ये मात्र वही घेऊन बसाच. ड्रायव्हर जितक्या वेळा बाहेर गेला तितक्या रेघा त्याच्या नावापुढं मारायच्या. तीन झाल्या की काळा-पांढरा झेंडा, म्हणजे शेवटची ताकीद, चौथी झाली की 5 सेकंदांची पेनल्टी, त्याच्या पुढं 10. कुणी ढकललं म्हणून किंवा चूक होऊन वेळ घालवून बाहेर गेला तर ते सहसा धरत नाहीत. 2024 ला नॉरिस व्हर्स्टापेनच्या मागं लागलेला असतानाच त्याची चौथी भरली आणि 5 सेकंद बसले, ज्यांनी वही लिहिली होती त्यांना ते आधीच दिसायलं होतं. बाहेर जाऊन पुढच्याला ओव्हरटेक केला तर ते प्रकरण वेगळं.

2024 पासनं 9 आणि 10 ला कर्बच्या मागं खडीचा पट्टा टाकलाय, बाहेर गेला की टायर खडीत आणि वेळ जातो, त्यामुळं ड्रायव्हर आपणहून आत राहतो. माझ्या मते हाच खरा इलाज. आधी तिथं डांबर होतं, बाहेर जाऊन फायदाच व्हायचा, आणि त्याचं काय झालं ते 2023 ला बघितलं, 1200 च्या वर वेळा गाड्या बाहेर गेल्याची नोंद, रेस चालू असताना सगळं तपासून होईना, ॲस्टन मार्टिन टीमनं प्रोटेस्ट केल्यावर काही तासांनी आठ ड्रायव्हरांना परत पेनल्टी, एकट्या ओकॉनला 30 सेकंद. सैंझ चौथा आला होता तो सहावा झाला. तो पहिल्या पाचात येतो म्हणून मी मित्राशी बेळगावच्या गोड कुंद्याची, अर्ध्या किलोची, पैज लावलेली, त्यानं रात्रीच आणून दिला, आम्ही खाल्ला, सकाळी बघतोय तर पैज मी हरलेलो. त्याला परत अर्धा किलो नेऊन दिला, ते योग्यच होतं.

तर झेंडा पडला की निकाल लागला असं धरू नका. वहीत ज्यांच्या चार किंवा जास्त रेघा आहेत त्यांच्या नावाला गोल करा, फायनल निकालाचा कागद निघेपर्यंत थांबा, आणि कुंदा दुसऱ्या दिवशी सकाळीच आणा.