अ‍ॅसिटिलीन शिकताना: आधी हायड्रोजनकडे बघा

अल्काइनचं, म्हणजे कार्बन-कार्बन तिहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनचं, प्रकरण आलं की बहुतेक विद्यार्थी अभिक्रियांची यादी पाठ करायला बसतात. मला हा विषय खरा उलगडला तो पदवीनंतर, गॅस वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये. तिथल्या भिंतीवरचे नियम म्हणजे पुस्तकातल्याच अभिक्रिया होत्या. म्हणून नव्यांना सांगतो, यादी बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी पक्क्या करा.

पहिली गोष्ट हायड्रोजनची. अ‍ॅसिटिलीनमध्ये दोन कार्बन तिहेरी बंधाने जोडलेले असतात आणि प्रत्येकावर एक हायड्रोजन असतो. कार्बनचं संकरण (कक्षिकांची सरमिसळ) एसपी, म्हणजे त्यात केंद्रकाजवळच्या एस-कक्षिकेचा वाटा निम्मा. त्यामुळे बंधातले इलेक्ट्रॉन कार्बनकडे ओढले जातात आणि हायड्रोजन सैल होतो. पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा; जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) साधारण 25. इथिलीनचा 44, इथेनचा 50. पाण्यापेक्षा मात्र हे आम्ल बरंच दुबळं. आता कॅल्शियम कार्बाइडकडे बघा. ते अ‍ॅसिटिलीनचं क्षारच आहे. पाणी पडताच ते पाण्याचे प्रोटॉन खेचून घेतं, वायू फसफसून वर येतो आणि खाली चुना उरतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने 1862 मध्ये दाखवलेली ही कृती साधी आम्ल-आम्लारी अभिक्रिया आहे. (त्या वायूला येणारा लसणासारखा वास मुख्यतः फॉस्फिनसारख्या अशुद्धींचा.)

तोच हायड्रोजन चांदी किंवा तांब्याला जागा देतो. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये पांढरट, क्युप्रस क्लोराइडमध्ये तांबडा अवक्षेप येतो. टोकाला तिहेरी बंध असलेलं 1-ब्युटाइन ही चाचणी देतं, मधोमध बंध असलेलं 2-ब्युटाइन देत नाही, कारण त्याच्या तिहेरी बंधाच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही. हे अवक्षेप वाळले की धक्क्यानेही फुटतात, म्हणून चाचणी झाल्यावर ते ओले असतानाच विरल आम्लाने नष्ट करायचे. अ‍ॅसिटिलीनला तांब्याची नळी का चालत नाही, त्याचं उत्तरही इथेच आहे.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. हा रेणू तयार होतानाच मोलमागे सुमारे 227 किलोज्यूल पोटात घेऊन बसतो, त्यामुळे ऑक्सिजन नसतानाही फुटून कार्बन आणि हायड्रोजन होऊ शकतो. म्हणून मोकळा वायू साधारण एक बारपेक्षा जास्त गेज दाबाने (हवेच्या दाबाच्या वरचा दाब) वापरत नाहीत. सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरून त्यात अ‍ॅसिटोन मुरवतात आणि त्यात वायू विरघळवतात. सिलिंडर उभाच ठेवायचा, नाहीतर वायूबरोबर अ‍ॅसिटोनही बाहेर येतं.

तोंडी परीक्षेत हमखास अडवणारा प्रश्न: इथेन जळताना मोलमागे सुमारे 1560 किलोज्यूल देतं, अ‍ॅसिटिलीन 1300, मग अ‍ॅसिटिलीनची ज्योत जास्त तप्त कशी? इथेनच्या ज्वलनात पाण्याचे तीन रेणू तयार होतात, अ‍ॅसिटिलीनच्या एकच. कमी वायू तापवायचा, म्हणून तापमान वर जातं. ऑक्सिजनबरोबर ते 3100 अंश सेल्सियसच्या आसपास पोचतं. पेटवताना आधी अ‍ॅसिटिलीन, मग हळूहळू ऑक्सिजन. काजळी जाते आणि आतला शंकू स्पष्ट दिसतो, ती उदासीन ज्योत, म्हणजे दोन्ही वायूंचं प्रमाण जुळलेली.

संबंधित संयुगांपैकी अ‍ॅसिटाल्डिहाइड सोडू नका. अ‍ॅसिटिलीनला मर्क्युरी (पारा) क्षाराच्या उत्प्रेरकाने पाणी जोडलं की ते मिळतं. जपानमधल्या मिनामाता इथे याच प्रक्रियेच्या सांडपाण्यातून मिथिल-पारा समुद्रात गेला, माशांतून माणसांत आला. 1956 मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. उत्प्रेरकाचं नाव मला तरी या घटनेमुळेच कायमचं लक्षात राहिलं.

पुढे काम कुठे, असं विचारतात. वेल्डिंगमध्ये आता विजेच्या पद्धतींचाच जोर आहे. पण औषधसंशोधनात टोकाला तिहेरी बंध असलेली संयुगं अ‍ॅझाइडशी (तीन नायट्रोजन ओळीने जोडलेल्या संयुगांशी) तांब्याच्या उत्प्रेरकाने जोडतात. या क्लिक रसायनशास्त्राला 2022 चं नोबेल मिळालं. तिथेही तांबं आधी तोच हायड्रोजन काढून घेतं.