गावी आजी-आजोबांकडे राहायला जाताना काय करावं, कसं करावं

लहानपणी गावी जायचं कसं हे कोणी शिकवावं लागत नव्हतं. परीक्षा संपली की वडील नेऊन सोडायचे आणि शाळा उघडायच्या आधी येऊन घेऊन जायचे. खरी अडचण नोकरी लागल्यावर सुरू होते. सुट्टी दोन-तीन दिवसांची मिळते, आणि गावच्या घरात आपण आता घरचे की पाहुणे हेच कळेनासं होतं.

माझे आजी-आजोबा नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात राहतात. एकट्यानं जायला लागल्यावर माझ्या पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. मी पाहुण्यासारखा गेलो, त्यांनी पाहुण्यासारखं केलं. खुर्ची टाकली, पुरणपोळ्या केल्या, आणि मी निघाल्यावर आजी दोन दिवस कंबर धरून पडून होती हे मला महिन्यानं काकूकडून कळलं. तेव्हापासून एक ठरवलंय. त्यांचा दिवस जसा चालतो तसा चालू द्यायचा आणि आपण त्यात शिरायचं. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्यातूनच आलंय.

आधी पीक बघा, मग सुट्टी टाका

आपलं गणित शनिवार-रविवारचं, गावाचं पिकाचं. निफाड-दिंडोरीकडे घरात द्राक्षबाग असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी असते, मग मण्यांची विरळणी आणि डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, आणि जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी. या दिवसांत नुसतं आभाळ भरून आलं तरी घरात कोणाचं चित्त थाऱ्यावर नसतं. तेव्हा आजोबा आपल्याशी धड बोलले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका, त्यांचे कान बाहेर असतात. लासलगाव-येवला-चांदवडकडे कांद्याचं. उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत आणि काढणी मार्च-एप्रिलपासून.

कामाच्या दिवसांत जाऊ नये असं मी म्हणणार नाही, पण मग हात लावायच्या तयारीनं जा. निवांत बोलायचं असेल तर पोळ्याच्या आसपास जा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं, मजा येते, पण आजी एकटी सापडत नाही. आजोबा माळकरी असतील तर पौष वद्य एकादशीच्या आधीचे आठ-दहा दिवस सोडा. निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी जिल्ह्यातल्या दिंड्या तेव्हा त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर असतात. किंवा सोडू नका, एक मुक्काम त्यांच्याबरोबर चाला. चालताना माणूस जे बोलतो ते घरात बसून बोलत नाही.

किमान दोन रात्री राहा. पहिली संध्याकाळ येण्या-भेटण्यात जाते. घर नेहमीसारखं वागायला लागतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

फोन दोन करायचे

पहिला आजी-आजोबांना. येतोय म्हणून सांगा, आणि काय आणू असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "काही नको, तू ये फक्त." म्हणून दुसरा फोन काकूला. खरी यादी तिच्याकडे असते. हातातली बॅटरी बिघडलीय, आजोबांच्या चपलेचा अंगठा तुटलाय, आजीला गुडघ्याला लावायचं मलम संपलंय.

काकूला फोन करण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला उशिरा उमगलं. आपण आजी-आजोबांना भेटायला जातो खरे, पण घर काकू चालवत असते. आपल्या येण्यानं वाढणाऱ्या भाकरी तिच्या हातच्या, आजीचं दुखलं-खुपलं बघणारीही तीच. तिच्यासाठी काहीतरी न्या आणि तिच्या हातात द्या, आजीच्या हातून नको. आजी काकूबद्दल आणि काकू आजीबद्दल काही सांगेल. ऐकून घ्या. इकडचं तिकडे करू नका आणि निवाडा तर अजिबात देऊ नका. तुम्ही परवा निघणार आहात, त्या दोघींना एकाच चुलीपाशी राहायचंय.

पिशवीत मिठाईचा मोठा बॉक्स नको, साखरेचा त्रास असणारं माणूस घरात असतंच. बॅटरी, चपला, सुती बनियन, गरम टोपी या गोष्टी रोज वापरल्या जातात. नाशिकचा चिवडा मात्र न्या, तो शेजारी वाटायला लागतो. माळकरी घरात अंडी-मांसाचा कुठलाही पदार्थ नेऊ नका, केकसुद्धा विचारून. थंडीत जाणार असाल तर आपल्यासाठी स्वेटर घ्या. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत उगीच येत नाही.

प्रवास

गाडी घेऊन जाता आलं तरी एखादी खेप एसटीनं करा. मुक्कामी गाडी असेल तर उत्तमच. ती संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि सकाळी परत निघते. त्या गाडीत निम्मं गाव भेटतं आणि तुम्ही घरी पोचायच्या आधी तुम्ही आल्याची बातमी पोचलेली असते. आजी-आजोबांना शहरात आणायचं असेल तर लक्षात असू द्या: ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांनाही अर्धं. आधारकार्ड जवळ ठेवा.

एक सूचना, आणि ती हलक्यात घेऊ नका. अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं एकट्यानं फिरू नका, कानात हेडफोन घालून तर नकोच. गोदावरी-कादवेच्या पट्ट्यात बिबट्या खरोखर असतो. घरातली माणसंसुद्धा रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाताना बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत, दोघं-तिघं मिळून जातात.

पहिला तास

चपला ओट्याखाली काढा, हातपाय धुवा, देवाला आणि मग दोघांना वाकून नमस्कार करा. गूळपाणी, नाहीतर चहा येईल तो घ्या. मग बसा, मोबाइल बॅगेत ठेवून. तो तास फक्त बघून घेण्याचा असतो. आजी तुमचा दंड चाचपून "वाळला रे" म्हणेल, तुमचं वजन पाच किलो वाढलेलं असलं तरी. नाही म्हणू नका.

शेजारपाजारचे डोकावतील. "कोणाचा रे तू?" या प्रश्नाला आपलं नाव सांगून भागत नाही, वडिलांचं आणि आजोबांचं सांगा. संध्याकाळी आजोबांबरोबर मारुतीच्या पारापर्यंत जाऊन या. भेटेल त्याला आधी आपण "राम राम" म्हणायचं. आजोबा प्रत्येकाला सांगतील, "नातू आलाय नाशिकहून." ते वाक्य त्यांना पाच-सहा वेळा म्हणू द्या, मध्ये घाई करू नका.

लग्न कधी आणि पगार किती, हे दोन प्रश्न येणारच. चिडू नका, टाळूही नका. लग्नाचं जे मनात असेल ते आजीला एकटीला, सरळ सांगा. पगाराचा आकडा मात्र चारचौघांत नको. शेजारी चुलत भाऊ बसलेला असतो. तो शेती बघतो, तीन वर्षांपासून त्याच्यासाठी मुलगी बघताहेत आणि शेतीचं नाव काढलं की बोलणं थांबतं. आपल्या आकड्यानं त्याला काय वाटेल याचा विचार आपण करायचा.

काम मागू नका, शेजारी जाऊन बसा

"आजी, काही मदत करू का?" असं विचारलं की "बस रे, दमून आलायस" एवढंच मिळतं. विचारू नका. ती जे करत असेल त्याच्या शेजारी मांडी घालून बसा आणि तिचे हात बघा.

मी हे कांद्याच्या चाळीत शिकलो. पावसाळ्यात साठवलेला कांदा निवडावा लागतो, नाहीतर एक सडका शेजारच्या दहांना घेऊन जातो. आजी पोत्यावर बसते. कांदा उचलते, अंगठ्यानं त्याची मान दाबते, तळ बघते. मान मऊ लागली की कांदा डावीकडे. काजळी वरच्याच सालीवर असेल तर तळव्यात चोळून साल उडवते आणि उजवीकडे टाकते. लहान निघाला की गोल्टीच्या ढिगात, दबलेला-चिरलेला खादीत, म्हणजे हलक्या मालात. एका कांद्याला तिला दोन श्वासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. मला पहिल्या दिवशी मऊ मान ओळखूच येईना. तिनं माझा अंगठा धरला, एका चांगल्या आणि एका नासलेल्या कांद्यावर आळीपाळीनं दाबला आणि म्हणाली, "आता डोळे मिटून सांग." दुपारपर्यंत आम्ही दोघांनी एक कप्पा संपवला. तिच्या लग्नाची गोष्ट, तिला हुंड्यात काय दिलं आणि काय देतो म्हणून दिलं नाही, हे सगळं मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. समोरासमोर बसून विचारलं असतं तर ती पदर तोंडाला लावून उठून गेली असती.

तुमच्याकडे कांदा नसेल, शेंगा फोडणं असेल, मेथी निवडणं असेल, गोठ्यातलं शेण भरणं असेल. हात गुंतलेले असले की झालं.

जेवणाचंही असंच. आग्रह होणार. भाकरी बाजरीची असते, आपल्या पोळीपेक्षा जड, म्हणून सुरुवातीलाच अर्धी घ्या आणि नंतर मागून घ्या. मागून घेतलेल्या अर्ध्या भाकरीनं आजीला जो आनंद होतो तो वाढलेल्या दोन भाकऱ्यांनी होत नाही. काळ्या मसाल्याची आमटी तिखट लागली तर शेंगदाण्याची चटणी-तेल मागा, कोणी वाईट मानत नाही. आणि एकदा तरी सगळ्यांची जेवणं झाल्यावर चुलीपाशी जाऊन बघा, आजी आणि काकू काय जेवतात. बहुतेक वेळा करपलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाचं कालवण. दुसऱ्या दिवशी आपलं ताट त्यांच्याबरोबर मांडा. दोन दिवस विरोध होतो, तिसऱ्या दिवशी आजी आपोआप हाक मारते.

गोळ्या आणि कागद

यासाठी एक सकाळ राखून ठेवा. गोळ्यांची पिशवी मागा. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या जुन्या पट्ट्या एकत्र झालेल्या असतात, आणि गोळी पुरवून वापरायची म्हणून रक्तदाबाची अर्धीच घेतली जाते. आपल्या मनानं काही बंद-चालू करू नका. सगळ्या पट्ट्यांचे आणि चिठ्ठ्यांचे फोटो घ्या, त्यांच्या डॉक्टरांना भेटा किंवा फोन करा, आणि मग प्रत्येक पाकिटावर जाड मार्करनं सूर्य किंवा चंद्र काढा. सकाळची, रात्रीची. अक्षरापेक्षा चित्र चुकत नाही.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी. काढलं नसेल तर काढून द्या. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, हप्ता अडकला असेल तर ई-केवायसी झालीय का बघा. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची असते, ती ई-पीक पाहणी आजोबांबरोबर बांधावर उभं राहून करा. नुकसानभरपाईच्या वेळी ती नोंद लागते.

सातबारा मात्र त्यांनी काढल्याशिवाय तुम्ही काढू नका. शहरातल्या नातवानं सहज विचारलं तरी घरात वाटणीचा वास येतो आणि मग चार दिवसांची माया चार मिनिटांत आंबते.

विचारायचं कसं

"जुन्या आठवणी सांगा ना" म्हटलं की काही आठवत नाही. खुणेचं विचारा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कुठे जात होता? तिथे वाटायचे ती सुकडी कशी लागायची? लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी थापली जायची का? घरात जातं असेल तर आजीला त्यापुढे बसवा, ओवी मागावी लागत नाही, खुंट्याला हात लागला की येते. वर्षं आठवत नसतील तर नाशिकच्या सिंहस्थावरून मोजा. १९८०, १९९१, २००३, २०१५. "विहीर खोदली ती सिंहस्थाच्या आधी की नंतर?" याला उत्तर लगेच मिळतं. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा आणि फोन पालथा ठेवा, कॅमेरा दिसला की आवाज बदलतो.

निघताना

आदल्या रात्रीच कधी निघणार ते सांगा, म्हणजे आजीची बांधाबांध पहाटे अंधारात होत नाही. शेंगा, बाजरी, कुरडया, पापड, कांदे येतील. "नाशकात सगळं मिळतं" हे वाक्य तोंडातून काढू नका, जेवढं उचलता येईल तेवढं घ्या. हातात मुडपलेली नोट कोंबतील, तीही घ्या. तुम्हाला काही द्यायचं असेल तर काकूकडे किंवा त्यांच्या खात्यावर, समोर नको.

पुढच्या खेपेची तारीख पक्की असेल तरच भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करा. नसेल तर मोकळं सोडा, कारण आजी रोज तिकडे बघते. ओट्यावरून उतरताना "येतो" म्हणा. आणि नाशिकला पोचल्यावर, बॅग खाली ठेवण्याआधी, फोन करा. तो येईपर्यंत दोघं झोपत नाहीत.