नव्या घरातला पहिला आठवडा : या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बारा महिने कुणी ना कुणी नवीन राहायला येत असतं. मी कमिटीत आहे, त्यामुळे काही बिघडलं की फोन मला येतो. फोन उचलण्याआधीच बहुतेक वेळा मला अंदाज असतो, काय झालं असेल ते.

मूळ कारण घाई. सामान उतरतं न उतरतं तोच घर लागलेलं हवं असतं. रविवारी टेम्पो, सोमवारी ड्रिलवाला, मंगळवारी पडदे. माझं स्पष्ट मत आहे की झोपायला गाद्या, स्वयंपाकाला शेगडी आणि आंघोळीला पाणी एवढं झालं की पहिल्या आठवड्याचं काम झालं. भिंतीत, छतात किंवा फरशीत कायमचं बसणारं काहीही त्या आठवड्यात करू नका.

भिंतीच्या आत काय आहे ते न बघता ड्रिल लावणं

वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी वॉटर प्युरिफायर बसवायला माणूस बोलावला. त्याने सिंकच्या नळाच्या बरोबर वर टाइल्सवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि ड्रिल लावलं. पहिलं भोक नीट पडलं. दुसऱ्यातून पाण्याची धार सुटली ती थेट समोरच्या फ्रीजवर. त्याने अंगठा दाबून धरला, तिने टॉवेल आणला, पण व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तो होता बाथरूमच्या माळ्यावर, आणि माळा आदल्याच दिवशी रिकाम्या खोक्यांनी गच्च भरलेला. शेवटी वॉचमनने गच्चीवर धाव घेऊन अख्ख्या लाइनचं पाणी बंद केलं. त्या लाइनवरच्या सगळ्या घरांची कामं अडली. खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीवरून पाणी उतरलं आणि त्यांचं ओट्याखालचं फर्निचर फुगलं. पाइप दुरुस्त करायला ज्या टाइल्स फोडाव्या लागल्या, त्या रंगाच्या नंतर कुठेच मिळाल्या नाहीत. पांढऱ्या भिंतीत तो पिवळसर चौकोन अजून तसाच आहे.

यात सगळा दोष ड्रिलवाल्यावर टाकून चालत नाही. त्याला त्या दिवशी अजून चार घरं करायची असतात, तो विचारत बसत नाही. सांगायचं आपणच.

नळाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत पाण्याची लाइन असण्याची शक्यता सर्वांत जास्त. स्विचबोर्डाचंही तसंच, वायरी बहुधा तिथून उभ्या वर जातात. या रेषा सोडून हातभर बाजूला सरका. टॉवरमध्ये एका सिरीजचे फ्लॅट एकावर एक सारखेच असतात, म्हणून मी वरच्या किंवा खालच्या घरी जाऊन त्यांनी कुठे ड्रिल केलंय ते बघून येते, फोटो काढते. कुणी नाही म्हणत नाही, उलट चहा होतो आणि ओळख होते. ड्रिल चालू असताना व्हॉल्व्ह बंद ठेवते, काम झाल्यावर उघडून भोकाकडे नीट बघते आणि मगच त्या माणसाला जाऊ देते. पाइपला लागलं असेलच, तर तो तिथे असतानाच कळतं.

हल्लीच्या बऱ्याच टॉवरच्या भिंती मायव्हनच्या, म्हणजे पूर्ण काँक्रीटच्या असतात. त्यात हातोडीने खिळा जात नाही. ठोकत राहिलात तर वरचा थर उडतो, खिळा वाकतो, भिंत विद्रूप होते. हॅमर ड्रिलच लागतं, आणि सळई लागली तर जोर लावू नका, भोकाची जागा बदला. देवघर, टीव्ही, घड्याळ आठवडाभर टेबलावर राहिलं तर काही बिघडत नाही.

नळ उघडा ठेवून घर बंद करणं

याचा मला मनापासून राग येतो, कारण भोगतात शेजारी. नवीन माणसं दुपारी येतात, हात धुवायला नळ सोडतात, पाणी येत नाही. सोसायटीचं पाणी ठरावीक वेळेला सोडतात हे त्यांना ठाऊक नसतं. नळ तसाच राहतो आणि मंडळी उरलेलं सामान आणायला जुन्या घरी जातात. संध्याकाळी पाणी येतं. एका घराच्या दाराखालून पाणी लॉबीत आलं, तिथून लिफ्टच्या खड्ड्यात गेलं आणि लिफ्ट बंद. फोन केला तर पलीकडून उत्तर, "ताई, आम्ही तर नळ चालूच केला नव्हता." खरंच, त्यांना आठवतही नव्हतं.

त्या घरात पाणी साचायचं आणखी एक कारण होतं. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी साचणाऱ्या भांड्यात, रंगाऱ्याने टाकलेलं पुट्टीचं पाणी वाळून दगड झालेलं. म्हणून घर ताब्यात आलं की आधी प्रत्येक बाथरूम, बाल्कनी आणि ड्राय एरियाच्या जाळीवर बादलीभर पाणी ओता आणि ते किती वेळात जातं ते बघा. रेंगाळलं तर सामान यायच्या आत प्लंबर बोलवा. घर बरेच महिने बंद असेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकतं, गटाराचा वास येतो, झुरळं वर येतात. लोक लगेच ॲसिड ओततात नाहीतर सुगंधी गोळ्या टाकतात. तिथे साधं पाणी ओतलं की वास थांबतो, कारण ट्रॅपमध्ये साचलेलं पाणीच तो अडवत असतं.

बाहेर पडताना घरातला मुख्य व्हॉल्व्ह बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पाण्याच्या वेळा वॉचमनला विचारून फ्रीजवर चिकटवा, शटडाऊनची सूचना सोसायटीच्या ग्रुपवर येते तीही बघत चला. आणि छतातल्या स्प्रिंकलरला तोरण, फुगे, झिरमिळ्या बांधू नका. त्यातली काचेची नळी फुटली की पाणी नळासारखं बंद करता येत नाही.

गॅस आणि वीज

सिलिंडरची शेगडी पाइप गॅसला तशीच जोडू नका. दोन्ही गॅसचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं, वेगळे असतात, ते महानगर गॅसच्या माणसाकडूनच बदलून घ्या. कुणाच्या ओळखीतला मुलगा दहा मिनिटांत करून देतो म्हणाला तरी नाही म्हणा. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. तरीही कबुतरं आत येतात म्हणून एक्झॉस्टचं भोक थर्माकोल कोंबून बुजवणारे मी पाहिले आहेत. भोकाला जाळी लावा, बूच नको. वास आला तर कुठल्याही बटणाला हात न लावता व्हॉल्व्ह बंद करा आणि खिडक्या उघडा.

विजेचं एक काम फार थोडे लोक करतात. मीटर रूममध्ये जा, महावितरणच्या बिलावरचा मीटर नंबर आणि तिथल्या मीटरवरचा नंबर जुळवा. मग घरातला मुख्य स्विच बंद करून त्या मीटरचा लुकलुकणारा दिवा थांबतो का बघा. थांबला नाही तर तो मीटर तुमचा नाही, किंवा तुमच्या मीटरवर दुसरंच कुणीतरी चालतंय. जुन्या मालकाची थकबाकीही तेव्हाच तपासा. आणि गिझर १६ अँपिअरच्याच सॉकेटला लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर अजिबात नको. टाकी भरून नळाला पाणी आल्याशिवाय तो चालू करू नका.

बाकीच्या, थोडक्यात

फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणताना ड्रम जखडायला मागे मोठे बोल्ट लावतात. ते न काढता मशीन चालू केलं की ते अख्ख्या बाथरूमभर नाचतं आणि आतून मोडतं. काढलेले बोल्ट फेकू नका, पुढच्या शिफ्टिंगला लागतील.

फ्रीज आडवा करून आणला असेल तर रात्रभर उभा ठेवून मगच चालू करा. आइस्क्रीम दुसऱ्या दिवशी खा.

पावसाळ्यात राहायला गेलात तर कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. चार बोटं जागा सोडा, नाहीतर गणपतीपर्यंत मागे बुरशी धरते.

पडदे लगेच शिवायला टाकू नका. येऊरच्या डोंगराकडे तोंड असलेल्या खिडक्यांतून दुपारनंतर ऊन थेट पलंगावर येतं, ते दोन-चार दिवस राहिल्याशिवाय कळत नाही. डोंगराच्या बाजूला असाल तर ओट्यावर केळी ठेवून खिडकी उघडी टाकू नका, माकडं येतात. खाडीच्या बाजूला असाल तर तिन्हीसांजेच्या आधी खिडक्या लावा आणि डासांच्या जाळ्या मात्र पहिल्याच आठवड्यात बसवा. माझ्या नियमाला हा एवढा अपवाद.

घोडबंदर रोडवर अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते आणि त्या वेळा बदलत राहतात. सोसायटीत सामान चढवायचीही वेळ ठरलेली असते. दोन्ही आधी विचारा. टेम्पो रात्री उशिरा आला म्हणून वॉचमनशी भांडणं बरोबर नाही, तो कमिटीने घातलेला नियम पाळतोय.

नवी मुंबईत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग नवी मुंबई महापालिकेत येत नाहीत, ते २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत येतात. माझी नणंद खारघरला राहायला गेली तेव्हा कचऱ्याची तक्रार भलत्याच कार्यालयात करून आठवडाभर वाट बघत बसली होती.

भाड्याने राहायला आला असाल तर रजिस्टर झालेला करार आणि पोलीस पडताळणीचा कागद पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसात द्या. मालक "बघू पुढच्या महिन्यात" म्हणाला तर तिथल्या तिथे ठामपणे मागा. गेटवर रोज अडवतात ते तुम्हाला, मालकाला नाही.